पहिल्याच धुण्यात झोळ पडलेली गोधडी

गेलेल्या आईच्या साड्यांची ही गोधडी भावंडांच्या घरी जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पहिलं धुणं मशीनमध्ये झालं, कोमट पाण्यात, रोजच्या पावडरीनं. वाळवून, इस्त्री फिरवून ती पलंगावर घातली तर कडा आत ओढलेल्या, मधला भाग पुरीसारखा फुगलेला, चंदेरीचे पांढरे चौकोन गुलाबी झालेले आणि दोन महेश्वरी तुकडे टाक्यांच्या रेषेवर विरलेले. थोरल्या बहिणीनं ती तशीच घडी करून इंदूरच्या रामबागेत, गोधडी करून देणाऱ्या डिझायनरच्या कामाच्या खोलीवर आणून दिली. भांडायला आली नव्हती. "आता काय करायचं ते तुम्हीच सांगा ताई," एवढंच म्हणाली.

वरून पाहिलं तर एकच बिघाड, पण कारणं चार निघाली. त्यातली तीन सुईत दोरा ओवण्याआधीच घडून गेली होती. गोधडी बिघडली की पहिला दोष शिवणारीच्या हाताला लागतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडायचं.

काम काय होतं

काम नवरात्रात आलं आणि दिवाळीच्या आधी हवं होतं. आई गेल्याला वर्ष होत आलेलं. साड्या अकरा: सुती नऊवारी चार, महेश्वरी तीन, चंदेरी दोन, बाग गावच्या लाल-काळ्या ठसेछपाईची एक आणि शेवटच्या वर्षांत आई रोज नेसायची ती सिंथेटिक एक. माप ६० इंच बाय ९० इंच, एका माणसाला पांघरायला पुरेल असं. मध्ये अंगणातलं तुळशी वृंदावन भरतकामात.

वरचा थर पाच इंची चौकोनांचा: आडवे १२, उभे १८, म्हणजे २१६ जागा. त्यातल्या मधल्या १६ जागा २० इंची भरतकामाच्या तुकड्यानं घेतल्या, उरले २०० चौकोन. प्रत्येक चौकोन साडेपाच इंचांचा कापलेला, चारी बाजूंना पाव इंच शिवणीत जाणारा. मधला थर एका नऊवारीचा. तिचे ६२ इंचांचे चार तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे कडेला कड लावून एकावर एक दोन पदर घातले. वरच्या पदराची जोड खालच्या पदराच्या जोडीवर येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथे कायमचा कणा उठतो. खाली मरून रंगाचं तयार अस्तर, कापड मार्केटमधून घेतलेलं.

टाका आपला साधा धावदोरा. ओळींमध्ये अर्धा इंच, इंचाला पाच टाके. गोधडीच्या रिवाजाप्रमाणे कोपऱ्यातून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत आत जायचं. अशा ६० फेऱ्यांची लांबी १०,८०० इंच भरते, म्हणजे २७४ मीटर आणि ५४,००० टाके. दोरा जाडीतून वर-खाली जातो म्हणून सव्वापट धरायचा, शिवाय गाठी आणि उरलेली टोकं, म्हणजे ४०० मीटर. ८ नंबरच्या पर्ल कॉटनचा १० ग्रॅमचा गोळा साधारण ८५ मीटर भरतो, असे पाच गोळे लागले. चौघींनी मिळून ७२ तास टाके घातले. भरतकामाचे ३८ तास वेगळे: वृंदावन साखळी टाक्यात, पानं लेझी डेझीत, मंजिऱ्या गाठीच्या टाक्यात, सगळं सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर काढून.

आधी टेप, मग मत

परत आलेली गोधडी डिझायनरनं लगेच उसवायला घेतली नाही, हे फार बरं झालं. एकदा उसवली की पुरावा जातो. त्यांनी ती फरशीवर उलटी-सुलटी अंथरून दोन प्रकारे मोजली. चारी कडा मोजल्या, आणि मग मधोमध, कापडाच्या पोटावरून टेप फिरवून. कडा भरल्या ५७ आणि साडेपंच्याऐंशी इंच. मधोमध ५९ आणि साडेअठ्ठ्याऐंशी. सगळी गोधडी सारखी आटली असती तर दोन्ही मापं जुळली असती. कडेपेक्षा मध्यभागी दोन-तीन इंच कापड जास्त असेल तर ते जाणार कुठे? वर येणार. तोच तो फुगा.

दुसरी खूण बारीक होती. फुग्याशिवाय सगळ्या पृष्ठभागावर, ओळी-ओळींमध्ये, बोटाला जाणवणाऱ्या चुण्या होत्या. अस्तराची बाजू मात्र सपाट, ताणलेली. ज्या बाजूला चुण्या त्या बाजूचं कापड आटलेलं नाही. जी बाजू सपाट तीच आटली. ही खूण कुठल्याही गोधडीला, दुलईला, अगदी अस्तराच्या जाकिटालाही लागू पडते.

म्हणजे इथे चुण्या आणि फुगा अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. घरी देण्याआधी काढलेल्या फोटोत फुगा थोडा दिसतच होता, चुण्या अजिबात नव्हत्या. चुण्या धुण्यातून आल्या, फुगा शिवणातून.

अस्तर

अस्तराचा तुकडा शिल्लक होता. त्यातून ५० सेंटीमीटरचा चौकोन कापून कडेला रंगीत दोऱ्यानं खुणा केल्या. खुणा पेननं करू नयेत, धुण्यात जातात. गरम पाण्यात पावडर घालून धुतला, उन्हात वाळवला, ओलसर असताना इस्त्री केली. ४८ भरला. दुसऱ्या धुण्यानंतर ४७. दोन धुण्यांत सहा टक्के. जुन्या नऊवारीचा तुकडा त्याच बादलीत होता, तो ५० चा दोन मिलिमीटरनं कमी झाला, बस.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. ९० इंचांवर ते जवळजवळ साडेपाच इंच होतात. वरचे तीन पदर आपलं माप सोडायला तयार नाहीत आणि खालचा पदर साडेपाच इंच आत ओढतोय, आणि हे सगळे ५४,००० टाक्यांनी एकमेकांना बांधलेले. चुण्या पडणारच.

नवं कापड आटतं कारण मागावर आणि नंतर इस्तरी-खळ करताना ते ताणलेलं असतं. पाणी लागलं की धागा मूळ लांबीकडे परततो. आईच्या नऊवाऱ्यांचं हे परतणं वीस-तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. पूर्वीच्या गोधड्या न धुता शिवल्या तरी सपाट राहायच्या, कारण त्यांत नवं कापड नसायचंच. आतून-बाहेरून सगळी जुनेरं. आपण आज अस्तर तेवढं नवं घालतो आणि रीत मात्र जुनेऱ्यांची वापरतो.

रंग

गुलाबी डाग पाहून सगळ्यांचं बोट बागच्या साडीकडे गेलं. गोधडीतला सगळ्यात लाल रंग तोच होता. घरच्यांनीही तेच धरलं होतं. पण ही साडी आईनं किमान बारा-पंधरा वर्षं नेसून धुतलेली. इतक्या धुण्यांनंतर सुटायला तिच्यात मोकळा रंग उरेलच कसा, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

तपासणी दहा मिनिटांची होती. पांढऱ्या सुती चिंधीचं टोक ओलं करून प्रत्येक कापडावर दहा वेळा जोरात घासायचं. बागच्या लालवर चिंधी पांढरी राहिली. भरतकामाच्या लाल दोऱ्यावरही पांढरी. मरून अस्तरावर तिसऱ्या घासणीलाच गुलाबी. खात्रीसाठी अस्तराचा ओला तुकडा दोन पांढऱ्या तुकड्यांमध्ये ठेवून वर खलबत्ता ठेवला. सकाळी दोन्ही बाजूंना चौकोन छापलेला होता.

अशी स्वस्त अस्तरं बऱ्याचदा डायरेक्ट रंगात रंगवलेली असतात. हा रंग सुताला नुसता चिकटून असतो, त्याची पक्की गाठ बसत नाही. थंड पाण्यात दम धरतो, गरम पाणी आणि साबण लागला की सुटतो. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं तो पक्का होत नाही. मिठानं त्या एका पाण्यात सुटणं थोडं कमी होतं इतकंच, पुढच्या धुण्यात ये रे माझ्या मागल्या. व्हिनेगरचा तर सुतावर उपयोगच नाही. हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि त्यावर विसंबून गडद अस्तरं घातली जातात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

आणखी एक घात इस्त्रीनं केला. डाग पडलेलं कापड ओलं असेपर्यंत भरपूर पाण्यात पुन्हा बुडवलं तर बराच रंग निघून जातो. वाळून वर इस्त्री फिरली की काम चौपट होतं, आणि चंदेरीच्या रेशमानं गुलाबी पक्का धरला होता. क्लोरीनचं ब्लीच रेशमाला लावायचंच नाही, रेशीम त्यात अक्षरशः विरघळतं. रंगकाटाची, म्हणजे रंग उतरवणारी पूड डागाबरोबर शेजारचे रंगही ओढून नेते. चंदेरीचे १७ चौकोन गेले ते गेलेच.

बाग आणि महेश्वर

डिझायनरची फिरती दर दोन-अडीच महिन्यांनी असतेच: इंदूरहून धार-कुक्षीच्या वाटेनं बाग, दीडेकशे किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या फेरीत महेश्वर, मानपूर-धामनोदवरून नव्वदेक किलोमीटर. या वेळी पिशवीत नेहमीची टेप, पांढऱ्या चिंध्या, पाण्याची छोटी बाटली आणि नमुन्यांची वही होतीच, शिवाय बिघडलेल्या गोधडीचे तुकडे.

बागला रंगाची शंका उरली नाही. तिथले खत्री छपाईवाले कापडावर ठसा मारण्याआधी दिवसच्या दिवस कापडच तयार करत असतात. आधी धुऊन खळ काढायची, मग मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवून तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. मग लालसाठी तुरटीचा आणि काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचा ठसा. काही दिवस मुरल्यावर वाहत्या पाण्यात धुणं, आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन या लाल रंगद्रव्याबरोबर आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळणं. जिथे तुरटी आहे तिथेच लाल धरतो, कारण अलिझरीन आणि तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम धाग्यावरच एकमेकांना घट्ट धरतात. नव्या कापडातून पहिल्या दोन-तीन धुण्यांत वरवरचा रंग सुटतो, तेवढाच. उकळीतून निघालेला लाल मशीनमधल्या कोमट पाण्याला दाद देत नाही.

खरं शिकण्यासारखं रंगाच्या आधीचं होतं. खळ पूर्ण निघाल्याशिवाय ठसा नाही, हा तिथला नियम आहे, कारण खळ असेल तर तुरटी आत सारखी शिरत नाही. गोधडीच्या अस्तराला हाच नियम लावला असता तर आटणंही आधीच होऊन गेलं असतं आणि मरून रंगही बादलीतच उघडा पडला असता.

महेश्वरला प्रश्न फाटलेल्या चौकोनांचा होता. नेहमीच्या महेश्वरीचा ताणा रेशमी आणि बाणा सुती. फाटलेली जागा भिंगाखाली धरली तर उभे रेशमी धागे तुटलेले आणि आडवे सुती धागे पायऱ्यांसारखे तसेच उघडे राहिलेले. म्हणजे सुईनं कापड फाटलं नाही. रेशीम आधीच संपलेलं होतं. ट्रंकेत वर्षानुवर्षं त्याच घडीवर ठेवलेल्या साडीचं रेशीम घडीच्या रेषेवर ठिसूळ होतं, आणि इंचाला पाच टाक्यांनी तिथे भोकांची रांग पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. ओळखायची रीत सोपी: साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी ताण्याच्या दिशेनं हलकेच ओढायचं. बारीक कट्ट असा आवाज आला तर तो भाग गोधडीत घालायचा नाही, किंवा मागे मलमलचा आधार दिल्याशिवाय तरी नाही.

धाकट्या भावाची इच्छा होती की आईच्या महेश्वरीचा चटईचा काठ आता नव्यानं करायच्या दुसऱ्या गोधडीत दिसावाच. म्हणून तसाच काठ असलेलं दोन मीटर नवं कापड तिथून घेतलं. त्याचीही आटण मोजली. लांबीला ५० चे साडेएकोणपन्नास, पन्ह्याला ४८. ताणा रेशमी म्हणून लांबीत फरक कमी, बाणा सुती म्हणून पन्ह्यात जास्त. महेश्वरीचे चौकोन कसेही फिरवून जोडले तर शेजारचे दोन चौकोन दोन दिशांना आटतात. प्रत्येक चौकोनाच्या ताण्याच्या बाजूला कच्च्या टाक्याची एक खूण ठेवायची, आणि सगळे एकाच दिशेनं लावायचे.

फुगा कुठून आला

या भागावर इथे जास्त लिहायचं आहे, कारण अस्तर धुऊन घ्यायला बहुतेकांना पटतं, पण टाक्यांची दिशा बदलायला कोणी सहज तयार होत नाही.

कोपऱ्यातून सुरू करून बाहेरून आत जायच्या रिवाजाला भक्कम कारण आहे. पहिल्याच फेऱ्यात कड दुमडून शिवली जाते, वेगळी पट्टी लागत नाही, आणि काम सुरू असताना गोधडी कितीही हाताळली तरी कडेचे धागे सुटत नाहीत. पण प्रत्येक टाक्याबरोबर सुई वरचा पदर केसभर पुढे ढकलते. बाहेरून आत जाताना हे ढकललेलं कापड प्रत्येक फेऱ्याबरोबर मध्याकडे सरकत जातं. चारी बाजू आधीच बंद, त्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नाही. सगळे थर एकसारख्या जुनेऱ्यांचे असले की ते एकमेकांना धरून राहतात आणि फार सरकत नाहीत. इथे वर सुती, रेशमी, सिंथेटिक असे मिसळलेले चौकोन आणि खाली खळीचं गुळगुळीत अस्तर. त्यात कच्चे टाके दहा-दहा इंचांवर, कारण दिवाळी तोंडावर आली होती.

चाळिसाव्या फेऱ्याच्या सुमारास चौघींतल्या वयानं मोठ्या मावशींनी हात थांबवला होता. "ताई, मध्ये पोट येतंय हो."

"धुतल्यावर बसेल, मावशी. चालू दे."

जुन्या-नव्या सगळ्याच गोधड्यांत असं ऐकायला मिळतं, आणि जुनेऱ्यांच्या गोधडीत ते चालूनही जातं, कारण तिथे फुगा मुळातच फार नसतो. पण फुगा धुतल्यावर तेव्हाच बसतो, जेव्हा वरचा थर खालच्यापेक्षा जास्त आटतो. इथे बरोबर उलट होतं. चाळिसाव्या फेऱ्याला थांबून शेवटचे घातलेले वीस फेरे उसवले असते तर तेवढेच गेले असते.  म्हणजे एकूण टाक्यांचा तिसरा हिस्सा.

शिवणाऱ्या हातांचाही वाटा होता, तोही मोजला. चौघींनी एकाच दोऱ्यानं, एकाच दुहेरी कापडावर दहा इंचांची ओळ घातली. ओळ पूर्ण झाल्यावर कापड भरलं दोघींचं पावणेदहाच्या थोडं वर, एकीचं बरोबर पावणेदहा, एकीचं साडेनऊच्या जवळ. चौघी चार बाजूंना बसून आत येत होत्या, म्हणजे गोधडीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ओढली गेली. ओढता हात वाईट नसतो. कड दुमडायला, कच्चे टाके घालायला तोच हवा. त्याला धावदोऱ्याच्या लांब ओळीवर बसवलं ही चूक.

दुसरी गोधडी

पहिली सगळी उसवायची नाही असं ठरलं. ५४,००० टाके काढताना जुनं कापड टिकलं नसतं. साड्या भरपूर शिल्लक होत्या. एका साडेपाच मीटरच्या साडीतून साडेपाच इंची तीनशेवर चौकोन निघतात. पण ३८ तासांचं वृंदावन पुन्हा भरायचं नव्हतं. तो २० इंची तुकडा तेवढा उसवून काढला, चार हजारेक टाके, पाच तास. तो सुती होता, म्हणून त्यावरचा गुलाबी निघण्यासारखा होता. आधी त्याच दोऱ्यांचे उरलेले तुकडे गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून पाहिले; एकाचाही रंग सुटला नाही. मग हात बुडवता येणार नाही इतक्या गरम पाण्याची पूर्ण बादली, पावडर, रात्रभर भिजवण. सकाळी पाणी टाकून पुन्हा तेच. एवढ्याशा तुकड्याला पूर्ण बादली कशाला असं वाटेल, पण थोड्या पाण्यात सुटलेला रंग परत त्याच कापडावर बसतो. चौथ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं. पानांच्या कडेला अगदी पुसट छटा राहिली आहे, शोधली तर दिसते.

अस्तराला या वेळी कोरा मांजरपाट, ३६ इंच पन्ह्याचा. दोन पाट जोडून ७१ इंच मिळतात, आटूनही ६४ ची गरज भागते. लांबीला प्रत्येक पाट २ मीटर ६० घेतला. रात्रभर साध्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात, कोऱ्या कापडाची पिवळट खळ सुटेपर्यंत. वाळवून पुन्हा एकदा धुतला. पाणी नळाचं, नर्मदेचं. ते नर्मदाकाठच्या जलूदहून येतं आणि इंदुरात बऱ्याच भागांत एक दिवसाआड, म्हणून भिजवण एका दिवशी आणि धुणं नळ येईल त्या दिवशी असं वेळापत्रक बसवावं लागतं. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाचा चिकट पापुद्रा कापडात बसतो आणि अस्तर कडक होतं. घाईत तेच पाणी घेण्याचा मोह होतो.

महेश्वरी आणि उरलेल्या चंदेरीच्या प्रत्येक चौकोनामागे धुतलेल्या मलमलचा चौकोन शिवणीच्या आत टाचला. दोन्ही टोकांना चौकोनांच्या ओळीऐवजी नव्या महेश्वरीची, धुऊन घेतलेली, पाच इंची पट्टी आली, चटईचा काठ बाहेरच्या बाजूला. सिंथेटिक साडी आटत नाही आणि घसरते, म्हणून तिचे चौकोन न करता वृंदावनाच्या चार कोपऱ्यांना दोन-दोन इंची फुलं कापून वरून टाचली. रोजची साडी होती ती, वगळून चाललं नसतं.

कच्चे टाके या वेळी चार-चार इंचांवर, फरशीवर अस्तर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं ताणून, मधून बाहेर. त्याला पूर्ण दिवस गेला. फेऱ्यांची नक्षी तीच ठेवली, कारण फेऱ्यांशिवाय गोधडी गोधडी वाटत नाही असं मावशींचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. दिशा मात्र उलटी: खडूनं सगळे फेरे आखून घेतले, आणि मधल्या ३० इंची रेषेपासून सुरुवात करून बाहेर बाहेर. सरकणारं कापड आता मोकळ्या कडेकडे जाऊ शकत होतं. भरतकाम आडवं आलं की सुई वर न काढता आतल्या थरांतून पुढे सरकवायची, त्यामुळे पानांवर टाका पडत नाही. कड शेवटपर्यंत उघडी राहते हा या पद्धतीचा तोटा. तो सोसायचा तर अस्तर चारी बाजूंना दोन इंच वाढवून ठेवायचं आणि शेवटी वर दुमडून टाचायचं. हे काम ओढत्या हाताच्या बाईंनी केलं आणि कड सुरेख बसली.

ओळींमधलं अंतर पाऊण इंच केलं. आत सुटा पिंजलेला कापूस असता तर इतकं अंतर महाग पडलं असतं, गोळे झाले असते. साडीच्या पदरांना ते पुरतं. त्यामुळे ४० फेरे, ७,२०० इंच, ३६,००० टाके. चार गोळे दोरा, ४८ तास. दोरा १८ ते २० इंचांहून लांब ओवायचा नाही; लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटी पिळ सुटून विरतो.

हिशोब

मरून अस्तर आणि धुऊन वापरायचा चांगला मांजरपाट यांत मीटरमागे २५ रुपयांचा फरक होता. पहिल्या गोधडीला पाच मीटर अस्तर लागलं होतं, म्हणजे वाचले १२५ रुपये. अस्तर, फुगा आणि रंग यांची जबाबदारी डिझायनरनं स्वतःकडे घेतली आणि दुसऱ्या गोधडीच्या टाक्यांची मजुरी शिवणाऱ्या चौघींना पूर्ण दिली, भावंडांकडून घेतली नाही. भावंडांनी नव्या महेश्वरीचे पैसे दिले. ठिसूळ रेशमाचा दोष कोणाचाच नव्हता, पण काम घेतानाच साड्या उजेडासमोर धरून दाखवायला हव्या होत्या. आता काम घेतानाच नमुन्यांच्या वहीत प्रत्येक साडीचा तुकडा टाचला जातो आणि शेजारी तीन गोष्टी लिहिल्या जातात: आटण किती, घासणीला चिंधी कशी राहिली, ताण धरला की नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच.

पहिली गोधडी थंड पाण्यात सात वेळा धुतल्यावर अस्तराचं पाणी स्वच्छ यायला लागलं. मधल्या मोकळ्या जागी साध्या नऊवारीचा तुकडा बसवला. फुगा त्या तुकड्याच्या शिवणीत बराच मुरला. चुण्या राहिल्या, पण ती आता पांघरायची नाही, अंथरायची आहे, आणि अंथरल्यावर त्या पाठीला लागत नाहीत. ती थोरल्या बहिणीकडे आहे.

दुसरी देण्याआधी कामाच्या खोलीवरच तीन वेळा हातानं धुतली, सावलीत आडवी वाळवली. तिसऱ्या धुण्यानंतर कडा भरल्या पावणेसाठ आणि साडेएकोणनव्वद. मधोमध, पोटावरून टेप फिरवून, तेवढ्याच.